मदत हवी आहे : तिसरीचा वर्ग, स्वमग्न मुलगा आणि शाळेची घंटा

खडूफळा

घणसोलीजवळच्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते. पटावर ४४ मुलं. जूनपासून त्यांत एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. इथे त्याला बाळू म्हणते, खरं नाव आणि शाळा सांगत नाही. निदान झालेलं आहे, आईने फाइल आणून दाखवली. वर्गात मदतनीस नाही. विशेष शिक्षिका पंधरा दिवसांतून एकदा येतात, त्याही दीड तास.

बाळू हुशार आहे. पाढे तोंडपाठ. ठाण्यापासून वाशीपर्यंतची सगळी स्टेशनं क्रमाने म्हणतो, दिघा गावसकट. मी वजाबाकी शिकवत असताना मध्येच ‘पुढील स्थानक, रबाळे’ अशी घोषणा होते, तीही लोकलमधल्या त्या बाईंच्याच सुरात. मुलं हसतात. त्याचं मला काही वाटत नाही.

अडचण येते तास बदलताना. मराठीची वही ठेवा, गणिताची काढा म्हटलं की हा वही छातीशी धरून बसतो. त्यात घंटा. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, नेमका माझ्या वर्गाच्या दाराबाहेर. शिपाई मामा त्यावर हातोडी मारतात आणि बाळू कान दाबून बाकाखाली जातो. गेल्या आठवड्यात त्या गडबडीत तो शेजारच्या मुलीला चावला. तिचे आईवडील येऊन भेटले, ‘याला स्पेशल शाळेत घाला’ म्हणाले. स्टाफरूममध्येही एकदोघांचं तेच मत आहे.

माझंही चुकलंय. पहिल्या महिन्यात वैतागून ‘तोंडाला कुलूप लाव’ म्हणाले. तो उठला, कपाटाचं कुलूप काढून आणलं आणि माझ्यासमोर धरून उभा राहिला, पुढे काय करायचं ते विचारत असल्यासारखा. वर्ग हसला, मीही हसले. तो नाही हसला. तेव्हापासून त्याच्याशी बोलताना शब्द तोलून वापरते.

चित्रांचं वेळापत्रकही लावलं होतं. नेटवरून चित्रं काढली, पदरच्या पैशाने रंगीत प्रिंट घेतल्या. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला म्हणून पीटीऐवजी चित्रकला घेतली, तर त्याने तक्ताच फाडला. म्हणजे वेळापत्रक नको, की माझंच काही चुकलं? आणि घंटेचं काय करू? पुस्तकी उत्तरं नकोत, ४४ मुलं सांभाळून जमेल असं सांगा.

पाटीपेन्सिल

बाई, विशेष शिक्षिका म्हणून बरीच वर्षं काम करते. तक्ता फाडला याचा अर्थ तो तक्ता वाचत होता. त्यावर लिहिलेलं घडलं नाही, एवढीच त्याची तक्रार. वेळापत्रक काढू नका.

घंटेसाठी एक करा. घंटा व्हायच्या तीन मिनिटं आधी त्याच्या हाती हजेरीपट द्या आणि ऑफिसात पोहोचवायला सांगा, सोबत एखादी शहाणी मुलगी द्या. रोज, न चुकता. आवाज होईल तेव्हा तो दारापासून लांब असेल, शिवाय वर्गात त्याला एक मानाचं काम मिळेल. मामांना विचारून पाहा, हातोडीला फडकं गुंडाळता येतं. आमच्याकडे तेवढ्यानेही फरक पडला होता.

एका वहीत रोज दोन ओळी लिहा : बिनसण्याआधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. आठवडाभरात काहीतरी दिसेल. तो बाकाखाली असताना समजावू नका, शब्द त्या वेळी आवाजात भरच घालतात. शेजारच्या मुलांना थोडं सरकवा, दिवे मालवा, थांबा. एरवीही एका वेळी एकच सूचना द्या आणि मनात दहा मोजा. ‘माझ्याकडे बघ’ हा आग्रह सोडा. न बघताही तो ऐकतो.

कायद्याचं_बोला

‘स्पेशल शाळेत घाला’ म्हणणाऱ्यांसाठी : १९९५ च्या जुन्या कायद्यात स्वमग्नता नव्हती, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. कलम १६ प्रमाणे सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यायचं असतं. आईला यूडीआयडी कार्डाचंही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सांगा. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे जाऊन या.

ऐरोलीची_आई

माझा मुलगा आता आठवीत आहे, अगदी बाळूसारखा. ताई, नेटवरची चित्रं कशाला? त्याला स्टेशनं येतात ना, मग वेळापत्रकच लोकलचं करा. एक आडवी रेघ, परिपाठ हे ठाणे, शेवटचा तास वाशी. मधे मराठी, गणित, मधली सुट्टी. पुठ्ठ्याची छोटी गाडी, ती बाळूने स्वतः पुढे सरकवायची. तास संपण्याआधी तुम्ही म्हणा, ‘पुढील स्थानक, गणित’.

आणि त्या मुलीच्या आईला एकदा चहाला बोलवा. मुलांना लवकर कळतं, मोठ्यांना वेळ लागतो.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. चार दिवस वही ठेवली. बाळूची चुळबुळ घंटेनंतर नाही, आधीच सुरू होते. मामा हातोडी घ्यायला उठले की खिडकीतून त्याला दिसतात! बाक भिंतीकडे वळवला. हजेरीपट रोज ऑफिसात जातो. काल बाकाखाली गेला नाही, आज गेला.

गाडी करून लावली. मी चुकून ‘पुढील स्टेशन’ म्हटलं तर त्याने ‘स्थानक’ असं दुरुस्त केलं. पण तास अचानक रद्द झाला तर काय दाखवू? पुन्हा फाडेल.

ऐरोलीची_आई

मेगाब्लॉक. लाल पुठ्ठा, त्यावर तेवढाच शब्द, रद्द झालेल्या स्थानकावर लावायचा. रविवारी गाड्या रद्द होतात हे त्याला तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. फक्त सकाळीच लावा, आयत्या वेळी नको.

खडूफळा

उद्या पीटीचे सर रजेवर आहेत. लाल पुठ्ठा कापून ठेवलाय.