गोल्डवॉटर: एका मतापुरते नाहीत

'बॅरी गोल्डवॉटर म्हणजे १९६४च्या नागरी हक्क कायद्याला विरोध करणारा वर्णद्वेष्टा, विषय संपला' असं अमेरिकेचे हे रिपब्लिकन सिनेटर आणि १९६४चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार यांच्याबद्दल म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. वंशभेदावर बंदी घालणाऱ्या त्या कायद्याच्या विरोधात सिनेटमध्ये मत दिलं हे खरंच. पण १९५७ आणि १९६०च्या नागरी हक्क कायद्यांना याच माणसाचा पाठिंबा होता. ६४ साली त्यांचा आक्षेप होता तो खासगी हॉटेलं आणि नोकऱ्यांच्या व्यवहारात केंद्र सरकारने हात घालण्यावर. अर्थात त्याचा फायदा कुणाला झाला ते त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालात दिसलंच: स्वतःचं अ‍ॅरिझोना सोडलं तर जिंकली ती दक्षिणेतली पाच राज्यं. आणि हे त्यांना आधी कळत नव्हतं, असं मी तरी मानणार नाही.

मला जास्त रस त्यांच्या उतारवयात आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये 'सिनेटमध्ये तुमची मतं उरली नाहीत' हे वॉटरगेट प्रकरणात पद जायच्या बेतात असलेल्या राष्ट्राध्यक्ष निक्सनना तोंडावर सांगायला गेलेल्या तिघांत हे होते. १९८१ मध्ये सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीवर कट्टर ख्रिस्ती धर्मोपदेशक जेरी फॉलवेल कुरकुरले, तेव्हा गोल्डवॉटर फॉलवेलवर जे उखडले ते शब्द इथे छापण्यासारखे नाहीत! निवृत्तीनंतर, १९९३ मध्ये, समलिंगींना सैन्यात घ्या म्हणून त्यांनी जाहीर बाजू घेतली. सरकारने खासगी आयुष्यात नाक खुपसू नये, हा हेका तिथेही कायम.