आईच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.७, गोळी बंद करू का?

निशिगंध:
आई ६८ वर्षांची, बीपीसाठी टेल्मिसार्टन घेते. काल नेहमीची रक्ततपासणी केली, रात्री रिपोर्ट मोबाइलवर आला. पोटॅशियम ५.७, ठळक अक्षरांत, पुढे 'एच', म्हणजे हाय. सोडियम १३९, किडनीचे आकडे क्रिएटिनिन ०.८, ईजीएफआर ८०, उपाशीपोटी साखर ९४. लिव्हरच्या तपासणीतलं एएसटी ४४, तेही जरा जास्त दाखवलंय. त्याच तपासणीतलं एएलटी मात्र २२. आईला काहीच होत नाहीये, पण पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात असं वाचलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गोळी बंद करू का?

जुना लॅबवाला:
गोळी मनाने बंद करू नका. आत्ताच डॉक्टरांना फोन करा आणि आकडा व गोळीचं नाव दोन्ही सांगा, कारण टेल्मिसार्टनने पोटॅशियम खरंच वाढू शकतं. धडधड होत असेल, हातपाय गळून गेले असतील, तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.

मग रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत काही शेरा आहे का बघा. आणि रक्त घेताना शीर पटकन सापडली होती का?

निशिगंध:
डॉक्टर म्हणाले आजच पुन्हा सॅम्पल द्या. ईसीजी काढला, तो नॉर्मल आहे. शेरा आहे! 'सॅम्पल किंचित हिमोलाइज्ड.' शीर सापडत नव्हती, तीनदा टोचलं. दंडाला पट्टा तसाच, आणि आईला मूठ आवळा-सोडा, आवळा-सोडा सांगत होते.

जुना लॅबवाला:
तेच विचारायचं होतं मला. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. सुईतून येताना रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या, म्हणजेच सॅम्पल हिमोलाइज्ड झालं, की ते बाहेर सांडतं. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवून काढली की वर राहणारं पाणी, म्हणजे सीरम, फिकट पिवळं दिसायला हवं, अशा सॅम्पलचं गुलाबीसर दिसतं. एएसटीही तांबड्या पेशींत भरपूर असतं, एएलटी त्यामानाने फार कमी. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं एएसटीच वाढलंय. शिवाय मूठ आवळत राहिलं की स्नायूंमधलंही पोटॅशियम रक्तात उतरतं.

तरी हा माझा अंदाज झाला. तुमच्या डॉक्टरांनी दुसरं सॅम्पल मागितलं ते अगदी बरोबर केलं. आज द्याल तेव्हा मूठ सैल ठेवायला सांगा, पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त नको.

सायली_७:
माझं एकदा फक्त क्लोराइड एका अंकाने वर होतं आणि मी आठवडाभर झुरत होते. मग कळलं की रिपोर्टमधल्या नॉर्मलच्या हद्दी निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून आखलेल्या असतात. १४ गोष्टी एकदम मोजल्या की धडधाकट माणसाचाही एखादा आकडा सहज बाहेर जाऊ शकतो. पण ५.७ म्हणजे एक अंक इकडेतिकडे नव्हे, तुम्ही लगेच फोन केलात ते बरं केलंत.

निशिगंध:
आला रिपोर्ट. पोटॅशियम ४.४, एएसटी २६. गोळी तीच चालू, तीन महिन्यांनी परत बघायचं ठरलंय. यावेळी पहिल्याच टोचणीत शीर सापडली. मी शेजारी उभी राहून आईचा हात मोकळा धरला होता.