पोपटासारखं सगळं म्हणतो, पण बोलत नाही

चिंचवडची_आई:
मुलगा अडीच वर्षांचा आहे. ए टू झेड, रंग, ग्रहांची नावं सगळं येतं, कार्टूनमधली हिंदी वाक्यं तर त्याच सुरात म्हणतो, पण पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडे नेणार, तोंडाने मागणार नाही. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, ह्याचे बाबापण तसेच होते. आम्ही दोघं वर्क फ्रॉम होम त्यामुळे मोबाइल बराच दिला जातो हे खरंय. काय करू?

दोन_कार्टी:
मोबाइल हिसकावून घेऊ नका, आधी जेवतानाचा बंद करा. चार दिवस घर डोक्यावर घेईल, घेऊ दे. आणि हे काय, ते काय असं सारखं विचारू नका हो ताई, परीक्षाच वाटते त्याला. भाजी निवडताना त्याला शेंगा सोलायला बसवा, आपण आपलं बडबडत राहायचं, मधेच थांबायचं आणि त्याच्याकडे बघायचं. ते थांबणंच आपल्याला जमत नाही, उत्तर पण आपणच देऊन टाकतो.

स्पीचवाली:
मी स्पीच थेरपिस्ट आहे. वरचं बरोबर आहे पण त्यावरच थांबू नका. दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'बाबा ये' अशी स्वतःची दोन शब्दांची जोडणी यायला हवी, पाठ केलेली वाक्यं त्यात धरत नाहीत. हात धरून नेणं आणि कार्टूनची वाक्यं हे दोन्ही एकत्र असेल तर आधी कानांची तपासणी आणि डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनला (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) दाखवा, याच महिन्यात. मुंबईकडे असाल तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था सरकारी आहे.

गाववाला_बाबा:
म्हणजे व्हर्च्युअल ऑटिझम का, मोबाइलमुळे स्वमग्नता येते म्हणतात ते? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते

स्पीचवाली:
दादा, असं कुठलं मान्य निदान नाहीये. मोबाइलने ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही, उगाच आईला अपराधी करू नका. स्क्रीनमुळे समोरासमोरचं बोलणं कमी होतं, मुद्दा तो आहे. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, आयएपीच्या गाइडलाइन्समध्ये २ ते ५ वयाला दिवसाला जास्तीत जास्त १ तास आहे, तोही कोणीतरी सोबत बसून.

चिंचवडची_आई:
अपॉइंटमेंट घेते. गावी आजीला रोज व्हिडिओ कॉल असतो, तोपण बंद करू का?

स्पीचवाली:
नको नको, तो चालू द्या. आजी त्याच्या बोलण्याला उत्तर देते, कार्टून देत नाही. फक्त 'आजीला पोएम म्हणून दाखव' तेवढं सोडा, भातुकली घेऊन बसवा आणि दोघांना खेळू द्या.