काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणजे झेडपीचा अध्यक्ष नव्हे

सामीशकाठ:
काल 'पावसाळी_पेठ' यांनी किंग काउंटीच्या (अमेरिकेतलं सिअॅटल आणि भोवतालचा भाग) एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे मुख्य कारभाऱ्याच्या, निवडणुकीबद्दल लिहिलं, "4 नोव्हेंबर 2025 ची मतपत्रिका टपालाने आली, थेट रिसायकलच्या डब्यात टाकली. उमेदवार दोघंही डेमोक्रॅट, दोघंही काउंटी कौन्सिलवरचे, आणि किंग काउंटी म्हणजे आपल्याकडची झेडपी. कुत्र्यांची लायसन्सं वाटणार. कोणी का येईना." त्यावर मंडळींनी टाळ्याही पिटल्या. म्हणून हे लांबण.

झेडपीच्या अध्यक्षाला सदस्य निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी, आणि खरा कारभार सीईओ म्हणून बसलेला आयएएस हाकतो. इथे एक्झिक्युटिव्ह लोक थेट निवडतात आणि सीईओही तोच. मेट्रो नावाची बससेवा त्याची, तुरुंग त्याचा, सार्वजनिक आरोग्य त्याचं, 23 लाख लोकांपैकी बहुतेकांच्या संडासाचं पाणी शुद्ध करणंही त्याचंच. 2020 च्या चार्टर (काउंटीची घटना) दुरुस्तीनंतर शेरीफही, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तो नेमतो, आधी तो निवडून यायचा. दोन वर्षांचं बजेट तो मांडतो, कौन्सिल त्यात फेरफार करून मंजूर करतं. त्याचा व्हेटो मोडायला कौन्सिलच्या नवातली सहा मतं लागतात.

आणि ही खुर्ची रिकामी होते कधी? बसलेला माणूस शेवटचा हरला 1993 मध्ये, गॅरी लॉकनी टिम हिलना हरवलं तेव्हा. लॉक गव्हर्नर झाले, रॉन सिम्स आले. सिम्स 2009 मध्ये ओबामांच्या सरकारात गेले, डाउ कॉन्स्टंटाइन आले. ते 2025 च्या वसंतात साउंड ट्रान्झिटचे (या भागात रेल्वे चालवणारी संस्था) सीईओ झाले, त्यानंतर निवडणुकीपर्यंत शॅनन ब्रॅडॉक तात्पुरत्या बसल्या आणि त्या उभ्या नाहीत. एकदा बसला की दशकभर हलत नाही. मत कामाचं ठरतं ते अशाच वर्षी.

पावसाळी_पेठ:
दशकभर? 2022 ची चार्टर दुरुस्ती विसरलात वाटतं. निवडणुका सम वर्षांत न्यायच्या म्हणून ही टर्म तीनच वर्षांची. 2028 मध्ये पुन्हा मतदान, तेव्हा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक असल्याने लोकही येतील. एवढा इतिहास पाठ आणि हे नाही?

सामीशकाठ:
माहीत आहे. 2028 मध्ये हाच माणूस 'विद्यमान' म्हणून उभा राहणार आणि 1993 नंतर विद्यमानांचं काय झालं ते वर लिहिलंय. तीन वर्षं ही सूट नाही, दहा-बारा वर्षांचं बुकिंग आहे.

मिसळ_विदाऊट_पाव:
उमेदवारांबद्दल कोणी बोलणार आहे का? ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पहिल्या फेरीत, गिर्माय झहिलाय सुमारे 44 टक्के, क्लॉडिया बाल्डुची सुमारे 30. पक्षाचं चिन्ह मतपत्रिकेवर नसतंच, 2008 पासून हे पद पक्षविरहित आहे. त्यामुळे 'दोघंही डेमोक्रॅट' हा मुद्दाच होत नाही. बघायचं ते कोणी काय चालवलंय. बाल्डुची सिअॅटलशेजारच्या बेलव्ह्यूच्या महापौर होत्या, आणि काउंटीच्या तुरुंग खात्याच्या प्रमुखही. झहिलाय 2025 मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष, वकील, कुठल्याच शहरात न मोडणाऱ्या भागात किमान वेतन वाढवणारा ठराव त्यांचा, कामगारांच्या घरांसाठी एक अब्ज डॉलरच्या कर्जाचा प्रस्तावही त्यांचाच. मला विचाराल तर तुरुंग चालवलेला माणूस हवा.

नागपुरी_तडका:
तुरुंग चालवला म्हणून काउंटी चालवता येते? मग जेलरलाच मुख्यमंत्री करा की. ऑगस्टमधला काउंटी ऑडिटरचा अहवाल वाचला का? सामाजिक सेवा खात्याने संस्थांना अनुदान देताना फेरफार केलेली बिलं चालवून घेतली, कागद न बघता पैसे सोडले. आणि तेव्हा हे दोघंही कौन्सिलवर बसलेले. देखरेख कोणाची होती? जेलचा अनुभव तिथे काय उपयोगी पडला?

मिसळ_विदाऊट_पाव:
देखरेख एक्झिक्युटिव्हची, म्हणून तर ही निवडणूक. तुम्ही स्वतःच माझा मुद्दा सिद्ध केलात, आभार.

नागपुरी_तडका:
बजेट मंजूर कोण करतं? सोयीने विसरता.

लिंक_लाइट_रेलवाला:
तुम्ही बिलांवर भांडा. खरा पैसा ट्रान्झिटमध्ये आहे. साउंड ट्रान्झिटच्या 18 जणांच्या बोर्डात किंग काउंटीचे 10, एक्झिक्युटिव्ह स्वतः धरून. बाकीचे नऊ तोच नेमतो, कौन्सिल फक्त शिक्का मारतं. त्याच बोर्डाने कॉन्स्टंटाइनना सीईओ नेमलं, म्हणजे ज्यांना नेमलं त्यांनीच साहेबांना नोकरी दिली. पुण्याच्या एखाद्या सोसायटीत असं झालं असतं तर एजीएम पहाटेपर्यंत चालली असती.

आय-90 महामार्गावरच्या रेल्वेचा घोळ तर सगळे विसरलेत. रुळांखालचे काँक्रीटचे ओटे नीट बसले नाहीत, खालच्या गिलाव्याला भेगा, म्हणून फोडून नव्याने घातले. 2023 चं उद्घाटन 2026 वर गेलं. बोर्डावरच्या बाल्डुचींनी निदान ईस्टसाइडचा (सरोवराच्या पूर्वेचा) तुकडा वेगळा चालू करायला लावला, 27 एप्रिल 2024 ला साउथ बेलव्ह्यू ते रेडमंड टेक्नॉलॉजी. हे श्रेय द्यावंच लागेल, मला आवडो न आवडो.

पावसाळी_पेठ:
हे सगळं साउंड ट्रान्झिटचं, काउंटीचं नव्हे. बघा, तुम्हालाही गोंधळ होतो. म्हणून म्हणतो, मत देऊन काय होतंय?

सामीशकाठ:
बोर्डातले निम्म्याहून जास्त काउंटीचे हे वरच लिहिलंय. वाचायचे कष्ट नकोत तर निदान सांडपाण्याचं बिल बघा. फेब्रुवारी 2017 मध्ये वेस्ट पॉइंट प्लांटचे पंप बंद पडले, पातळी सांगणारे फ्लोट स्विच अडकले, प्लांटमध्ये पाणी भरलं आणि कोट्यवधी गॅलन घाण पाणी प्युजेट साउंडच्या खाडीत सोडावं लागलं. प्लांट चालवायचा खर्च कोण भरतं? शहराच्या बिलावर 'काउंटी सांडपाणी प्रक्रिया' असं लिहून तुमच्याच खिशातून जातो. काउंटीच्या सामान्य निधीला 2026-27 या दोन वर्षांच्या बजेटसाठी सुमारे 15 कोटी डॉलरची तूट होती, मालमत्ता कर वर्षाला 1 टक्क्याहून जास्त वाढवता येत नाही, म्हणून कौन्सिलने 2025 च्या उन्हाळ्यात विक्रीकर 0.1 टक्का वाढवला. शंभर डॉलरच्या खरेदीला दहा सेंट. क्षुल्लक वाटतं, पण तो कर गरिबाच्या पिशवीतून जास्त जातो.

एचवन_आणि_शांत:
आमच्यातले बहुतेक व्हिसावर, त्यांना मतच नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही. कर मात्र भरतोय. ही चर्चा नागरिकांपुरतीच का नाही ठेवत?

नागपुरी_तडका:
तुम्ही भांडायचं, मत आम्ही द्यायचं. इतकी सोयीची लोकशाही कुठे मिळते? (आणि गंमत म्हणूनही नोंदणीचा अर्ज भरू नका. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना खिडकीवरचा माणूस विचारतो, तिथे 'हो' म्हटलंत तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकेल.)

बॅलटबाई:
राजकारण तुमचं तुम्ही बघा. मला एकच सांगायचंय, मराठी लोकांच्या मतपत्रिका सहीवर अडकतात.

पाकिटाच्या मागे सही करता ती नोंदणीतल्या सहीशी ताडली जाते, आणि नोंदणीतली सही बहुतेकांची लायसन्सच्या पॅडवर बोटाने खरडलेली, इंग्रजीत. पाकिटावर घाईत देवनागरी सही झाली की जुळणार कशी? देवनागरी चालते, कायद्यात लिपीचा नियम नाही, पण फाइलमध्येही देवनागरीच हवी. आडनाव आधी लिहिलं, मधलं नाव गाळलं, एवढ्याने सही बाद होत नाही. हस्ताक्षर एकच दिसलं पाहिजे. अडचण येते ती लिपी बदलली की, किंवा नवराबायकोची पाकिटं अदलाबदल झाली की. पाकिटावरचा बारकोड एकाच मतदाराचा असतो, जेवणाच्या टेबलावर दोन पाकिटं शेजारी ठेवून सह्या करू नका.

मिसळ_विदाऊट_पाव:
हे अति होतंय. सही जुळली नाही तर मत सरळ कचऱ्यात?

बॅलटबाई:
नाही, आधी वाचा तर. पत्र येतं, फोन-ईमेल दिला असेल तर तिथेही कळवतात. फॉर्मवर सही करून परत पाठवायची, निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. 4 नोव्हेंबरची निवडणूक 25 ला प्रमाणित होणार, म्हणजे 24 पर्यंत मुदत. घोळ होतो तो पत्र जाहिरातीचं समजून फेकल्याने. मतपत्रिका ऑनलाइन ट्रॅक करता येते, तिथे 'सही तपासणीत' दिसलं तर पत्राची वाट बघू नका. राज्याच्या ऑडिटरने 2022 मध्ये 2020 ची मतं तपासली, तर कृष्णवर्णीयांची मतं गोऱ्यांच्या चौपट प्रमाणात नाकारलेली आढळली. सहीचा विनोद करू नका.

पावसाळी_पेठ:
मग मराठीत मतपत्रिका छापा. चिनी, व्हिएतनामी, कोरियन, स्पॅनिश, रशियन, सोमाली चालतात, मराठी नाही.

नागपुरी_तडका:
उद्या भारतीय भाषा आली तर हिंदी येईल, आणि तेव्हा आपण इथेच बसून मराठीच्या अस्मितेवर दोनशे प्रतिसाद लिहू. मतपत्रिका मात्र डब्यातच राहील. आणि तिकडे 'आपल्याकडची झेडपी' म्हणता ना, बहुतेक झेडप्यांवर 2022 नंतर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. तिथे मतपत्रिका फेकायचीही सोय नव्हती.

लिंक_लाइट_रेलवाला:
सरपंच थेट निवडायचा कायदा 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला. इथे निदान खुर्ची दर सरकारागणिक बदलत नाही.

एचवन_आणि_शांत:
थेट निवडीचं कौतुक पुरे. सदस्य एका गटाचे आणि सरपंच दुसऱ्याचा असला की गाव पाच वर्षं अडकतं. इथेही एक्झिक्युटिव्ह आणि कौन्सिल भांडले तर बजेट अडकेलच ना?

सामीशकाठ:
हा मुद्दा बरोबर, मान्य. पण दोघंही कौन्सिलमधूनच आलेत, त्यामुळे निदान कोणाचा फोन उचलायचा हे त्यांना माहीत आहे.

पावसाळी_पेठ:
बरं बाबांनो, डब्यातून काढतो. पण फाटलीय थोडी, आणि चहाचा डाग आहे. आता दोन्ही उमेदवारांना चहाही पाजायचा का?

बॅलटबाई:
डाग असलेली मशीनमध्ये अडकू शकते, हाताने नवीन प्रत करावी लागते. त्यापेक्षा काउंटीच्या साइटवरून बदली मतपत्रिका उघडा, छापा, सही करा. टपालात टाकायची असेल तर शेवटच्या दिवशी नको. शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडला तर मत गेलं. पोस्टाच्या खिडकीवर हाताने शिक्का मारून घ्या, नाहीतर ड्रॉपबॉक्स (मतपत्रिका टाकायची पेटी) गाठा, मंगळवारी रात्री 8 ला कुलूप. टपालाचं तिकीट लागत नाही.

पावसाळी_पेठ:
पेन कुठलं?

बॅलटबाई:
काळं किंवा निळं. गोल पूर्ण भरा, बरोबरची खूण नको. आणि सही लायसन्सवर आहे तशीच.