भाकरी चावली की गोड लागते, मग कागद का नाही?

प्रश्न:
काल जेवताना लेकाला म्हटलं घास नीट चाव, गोड लागेल, लाळेने स्टार्चची साखर होते. तर म्हणतो, आई कागदातलं सेल्युलोजपण ग्लुकोजचंच ना, मग कागद चघळला तर गोड का नाही लागत? पुस्तकात नुसतं कुलूप-किल्ली दिलंय, म्हणजे एन्झाइममध्ये (पदार्थ तोडणाऱ्या प्रथिनात) ठरावीकच पदार्थ बसतो, पण ग्लुकोजचे मणी तेच असतील तर एन्झाइमला माळ ओळखू येते कशी?

उत्तर १:
ताई, फार नेमकं विचारलंय पोराने. मणी तेच, गाठ वेगळी. स्टार्चमध्ये अल्फा जोडणी असते त्यामुळे माळ गोल जिन्यासारखी वळत जाते, सेल्युलोजमध्ये बीटा, दर पुढचा मणी उलटा, म्हणून माळ काठीसारखी सरळ आणि शेजारच्या माळांना घट्ट चिकटलेली. लाळेतल्या अमायलेज या एन्झाइमला एक लांबट खाच असते, स्टार्चची माळ तिच्यात बसली की तळाशी असलेले आम्लगट बरोब्बर गाठीसमोर येतात आणि पाणी घेऊन गाठ तोडतात. सेल्युलोजची गाठ त्यांच्यासमोर तशी येतच नाही. गाई-म्हशींचंही तेच, कडबा पचवतात ते पोटातले सूक्ष्मजीव.

उत्तर २:
बरोबर, पण सगळं आकारावर नका सोडू, विद्युतभारपण बघा. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही प्रथिनांच्या माळा कापणारी पचनातली एन्झाइम, दोघांचं कापायचं हत्यार एकच, सेरीन-हिस्टिडीन-अ‍ॅस्पार्टेट ही तीन अमिनो आम्लं. फरक खिशात, म्हणजे माळेतलं अमिनो आम्ल जिथे बसतं त्या खाचेत. ट्रिप्सिनच्या खिशाच्या तळाशी ऋणभारित अ‍ॅस्पार्टेट, म्हणून तो धनभारित लायसिन नाहीतर आर्जिनिन धरतो आणि त्याच्या पुढे कापतो, कायमोट्रिप्सिनकडे त्या जागी सेरीन, तो फिनाइलअ‍ॅलनिनसारखी मोठी, कडीच्या आकाराची अमिनो आम्लं धरतो. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की तेवढं एक अमिनो आम्ल बदलून ट्रिप्सिनचा कायमोट्रिप्सिन होत नाही, खिशापासून लांबची वळणंपण बदलावी लागतात!

उत्तर ३:
कुलूप-किल्लीची कल्पना एमिल फिशर या रसायनशास्त्रज्ञाची, 1894 ची. 1958 मध्ये कोशलँड या शास्त्रज्ञाने सांगितलं की कुलूपपण हलतं. हेक्सोकायनेज बघा, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं नाणं) वापरून ग्लुकोजला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम, ग्लुकोज आत आलं की त्याच्या दोन्ही पाळ्या मिटतात. पाणी तर केवढं लहान, सहज आत शिरेल, पण त्याने पाळ्या नीट मिटत नाहीत, म्हणून एटीपी फुकट जात नाही. लेकाला हे नक्की सांगा.

प्रश्न विचारणारी:
खूप खूप आभार सगळ्यांचे! आज तीन वाट्यांत भाताची पातळ पेज घेतली, एकीत लाळ, एकीत उकळून गार केलेली लाळ, एक तशीच. अर्ध्या तासाने आयोडीनचे थेंब टाकले (स्टार्च असेल तर निळंकाळं होतं), लाळेची वाटी पिवळट तपकिरी, बाकी दोन्ही निळ्याकाळ्या. उकळल्यावर ती खाचच मोडली असणार ना, हे लेकच म्हणाला.