रब्बी मका: एकाच वाणाच्या दोन बॅगा, उगवण वेगवेगळी. यंदा कोणतं बियाणं घ्यावं?

सिल्लोडकर_शेती
रामराम मंडळी. कापूस उपटून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक एकर मका टोकायची आहे. विहिरीला पाणी आहे. गेल्या रब्बीत एकाच वाणाच्या दोन बॅगा टोकल्या. एकीचं रान एकसारखं उगवलं, दुसरीच्या नांग्या (न उगवलेल्या जागा) भरता भरता कंबर मोडली. जमीन तीच, पाणी तेच, फक्त लॉट (बियाण्याची खेप) नंबर वेगळे. असं का होतं? दुकानात यंदा एका वाणाचे दोन लॉट आहेत, एक ठोकळ दाण्याचा, दुसरा बारीक गोल. बारीक जरा स्वस्त देतोय. ८ किलोला १,८०० च्या वर जायचं नाही.

येवला_मकावाला
सिंगल क्रॉसच घ्या, म्हणजे दोन शुद्ध ओळींचा थेट संकर, तोही भारीतला. आमच्याकडे ४ किलोची बॅग १,६०० ला येते, पण कणीस टोकापर्यंत भरतं. बियाण्यात पैसे वाचवू नका.

सिल्लोडकर_शेती
दादा, दोन बॅगा म्हणजे ३,२०० झाले. वर १,८०० लिहिलंय.

गोडमका_निफाड
साधी मका सोडा, स्वीट कॉर्न लावा. आमचं कणीस शेताच्या बांधावरून उचललं जातं.

काळी_कसदार
बियाणं कंपन्या सगळ्या सारख्याच. आमचा निम्मा प्लॉट उगवला नाही, तर म्हणे तुम्ही खोल टोकलं. तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज केला, पण बॅग आणि टॅग घरच्यांनी चुलीत घातले होते. पंचनामा झाला, हातात काही नाही. पावती, टॅग, रिकामी बॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपा.

बीजप्लॉट_निजामाबाद
मी मूळचा नांदेडकडचा. इकडे तेलंगणात मक्याचे बीजोत्पादन प्लॉट घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅगेतला दाणा मादी ओळीच्या कणसावर तयार होतो. त्याची साल पूर्ण आईची. आतल्या पिठाच्या भागात दोन वाटे आईचे, एक बापाचा. कोंबात दोघांचा निम्मा-निम्मा. म्हणून तेच आईबाप नर-मादी उलटवून लावले, तर शेतातलं पीक जवळपास सारखं येतं, पण थंड मातीत उगवण्याची ताकद बदलू शकते. आईची साल चिवट असेल तर दाणा थंडीत, ओलीत तग धरतो.

आता भावाचं. सिंगल क्रॉसची मादी म्हणजे शुद्ध ओळ, पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवलेली. झाड खुजं, दाणा कमी आणि बारीक, त्यात तुरे काढायची मजुरी, म्हणून बियाणं महाग. थ्री-वेची (तीन ओळींच्या संकराची) मादी स्वतःच संकरित असते, दाणा भरपूर आणि टपोरा, म्हणून स्वस्त. भारी भाव म्हणजे भारी उगवण, असं समजू नका.

तुमच्या दोन बॅगांचे आईबाप एकच. फरक नंतर पडला. कणसं ओली असताना जास्त तापमानात वाळवली की कोंब दुखावतो. शेलरमध्ये (दाणे काढायच्या यंत्रात) जोरात झोडली की सालीला केसासारखी चीर जाते, डोळ्याला दिसतही नाही. पुढे गोदामातल्या उन्हाळ्याने कोंबातलं तेल खराब होतं.

येवला_मकावाला
एवढं शास्त्र कशाला. ठोकळ दाणा घ्या, ताकद त्यातच.

धुळे_रब्बी
ठोकळच. आणि लष्करी अळीचं काय? २०१८ पासून तिने सुखाने मका खाऊ दिली नाही. बीजप्रक्रिया केलेलीच, म्हणजे दाण्याला औषध चोळलेलीच बॅग घ्या.

सातारा_बागायत
अळीला पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) औषध गेलंच पाहिजे, बीजप्रक्रियेचा असर सुरुवातीपुरताच.

धुळे_रब्बी
सुरुवातच वाचवायची असते हो.

बीजप्लॉट_निजामाबाद
ठोकळ दाण्याबद्दल थोडं. कणसाच्या बुडाला मोठे गोल, मधे चपटे, शेंड्याला बारीक गोल. वाण एकच, गुण तेच. मोठ्या गोल दाण्याला शेलरमध्ये मार जास्त बसतो. मला विचाराल तर मधला चपटा घ्या.

स्वीट कॉर्नचं पीक चांगलं, पण डिसेंबरला नको. सुपर स्वीटचा दाणा सुरकुतलेला असतो, पीठ कमी, साखर जास्त. रात्रभर भिजवून बघा, पाण्यात साखर उतरते आणि मातीतली बुरशी त्यावर तुटून पडते.

टॅगवरची किमान ९० टक्के उगवण प्रयोगशाळेत, २५ अंशाच्या सोयीत मोजलेली असते. थंडीची चाचणी वेगळी: दाणे ७ दिवस १० अंशाला ठेवून मग ऊब देतात. घरी करायची तर शेतातलीच माती ट्रेमध्ये भरा, दोन्ही लॉटचे शंभर-शंभर दाणे टोका, ट्रे रात्री उघड्यावर ठेवा. टॅगवरची चाचणीची तारीखही बघा, तिथून ९ महिने मुदत.

गोडमका_निफाड
आमच्या थंडीत स्वीट कॉर्न उगवतं. ट्रेमध्ये रोपं करून लावतो.

काळी_कसदार
दुकानदार फोडलेल्या बॅगेतले दाणे देईल का चाचणीला?

सिल्लोडकर_शेती
दिले. ओळखीचा आहे, स्वतःसाठी फोडलेल्या बॅगांतून दिले. ट्रे पत्र्यावर ठेवले होते. ठोकळ लॉटचे ७१ वर आले, त्यातले बरेच पिवळे आणि वाकडे. बारीक गोलचे ९३, एका उंचीचे. चपट्या दाण्याचा लॉट इथे मिळालाच नाही. ठोकळ घ्या म्हणणाऱ्यांचा मान राखून बारीकच घेतला, बीजप्रक्रिया केलेला, दोन बॅगा १,७४० ला. वाफसा आला की दीड इंचावर टोकतो, त्याखाली नाही.

येवला_मकावाला
बारीक दाण्याचं रोप बारीकच राहणार, बघा.

बीजप्लॉट_निजामाबाद
पहिले काही दिवस बारीक दिसेल. मुळं धरली की फरक राहत नाही. टॅग जपून ठेवा.

धुळे_रब्बी
दुकान कोणतं ते सांगा, आमची टोकण अजून बाकी आहे.