कॉलेजच्या पहिल्या वर्षात तुमची माणसं कुठे भेटली?

धागाकर्ती
माझा भाचा यंदा ठाण्यात एफवायला लागलाय. बारावीपर्यंत घर-क्लास-घर, शाळेतले मित्र इंजिनिअरिंग-मेडिकलला पांगले आणि हा कॉलेजातून येऊन नुसता मोबाईल घेऊन पडलेला असतो. त्याला उपदेश नाही करायचाय, खरे अनुभव वाचायला द्यायचेत. तुमची माणसं कुठे भेटली आणि त्यांच्यामुळे पुढचं काही बदललं का? ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी तर लिहाच.

ऐरोलीकर
माझं एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना. नीटला मार्क कमी पडले म्हणून बीएस्सीला आलो, डोक्यात एकच की वर्ष कसंतरी काढायचं आणि परत नीट द्यायची. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास काम असतं हे ऐकून मी मागे सरत होतो तर एक सीनियर ताई म्हणाली, एक रविवार ये, नाही आवडलं तर परत विचारणार नाही. खाडीकाठी प्लास्टिक उचलायचं होतं. तिवरांची चिखलातून वर आलेली मुळं झाडासाठी हवा घेतात हे बारावीला पाठ केलेलं, पण त्या मुळांना गुंडाळलेल्या पिशव्या हाताने सोडवल्या तेव्हा ते खरं कळलं.

मग मुरबाडकडच्या एका गावात ७ दिवसांचा कॅम्प. वनराई बंधारा बांधला, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि रांगेत उभं राहून हातोहात देत ओढ्यात रचायच्या. दोन दिवसांत मागे पाणी साठलं, गावातल्या आजी बघायला आल्या. रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडल्या पडल्या मी पहिल्यांदा बोललो की घरी नीट हा शब्द निघाला की मी जेवणावरून उठतो. कोणी सल्ला दिला नाही, एका मुलाने स्वतःचे अटेम्प्ट सांगितले आणि आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. नीट परत दिली नाही. बॉटनी घेतलं, आता पाणलोटाच्या कामात आहे. आईला लगेच पटलं, बाबांना वेळ लागला.

दिवा ते वाशी
मला कॉलेजात नाही, लेडीज डब्यात मिळाली. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बरने वाशी. वर्गातल्या मुली चांगल्या होत्या पण लेक्चर सुटलं की मॉल, आणि माझ्याकडे पासापुरतेच पैसे. डब्यात एक नर्स मावशी, रबाळ्याला उतरणाऱ्या कंपनीतल्या दोघी, मटार सोलता सोलता माझी अकाउंट्सची उजळणी घ्यायच्या (त्यातल्या एकीचं बीकॉम लग्नामुळे राहिलेलं). दसऱ्याला डब्याला तोरण लावलं तेव्हा माझ्याकडून वर्गणी घेतली नाही, फुलं ओवायला बसवलं. मी एसवायला कॉलेज सोडून नोकरी धरणार होते, घरी गरज होती. मावशी म्हणाल्या, नोकरी कर पण संध्याकाळची, डिग्री सोडू नकोस, आणि पगार स्वतःच्या खात्यात घे. त्या आईशी फोनवर बोलल्या. तसंच केलं. अजून बोलतो आम्ही.

मराठी मीडियम
लेक्चर इंग्रजीत, माझी वही कोरी. आम्ही पाचसहा मराठी मीडियमवाले जिन्यात बसून एकमेकांना परत शिकवायचो. मी चांगलं समजावतो हे तिथे कळलं, म्हणून बीएड. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे ठाण्यात, तिथलं सदस्यत्वही त्याच मुलांनी घ्यायला लावलं.

धागाकर्ती
दिवा ते वाशी, खात्याचं वाचून डोळे भरून आले. भाच्याला सगळं पाठवतेय.

बॅकस्टेज
एक सांगतो, घाई करू नका त्याला. मला एफवायला कोणीच मिळालं नाही, अख्खं वर्ष तलावपाळीवर एकटा डबा खाल्लाय. एसवायला एकांकिकेच्या ग्रुपमध्ये गेलो, स्टेजवर कधीच नाही, सेट उचलायला आणि लाईटला. तालीम संपेपर्यंत कोणी घरी जायचं नाही, कोणी उपाशी राहायचं नाही, असा तिथला नियम होता. मार्क थोडे घसरले, माझ्या मते चालतं तेवढं. भाच्याला अभिनय येत नसला तरी लाईटला माणूस कायम कमी असतो. युथ फेस्टिव्हलच्या तालमी जुलैतच सुरू होतात, याच आठवड्यात विचारून ये म्हणावं.